हाक ऐकू येते, तरी येत नाही!

आमचा सर्जा जातीचा कारवानी. भाऊजींनी मुधोळकडून पिल्लू आणले तेव्हा सगळे पायच पाय होते! जयसिंगपुरात आमचे घर गावाच्या टोकाला. वसाहत संपली की लगेच उसाचे फड. घरात नाव घेतले की शेपूट हलवत येणारा सर्जा, फडाच्या कडेला साखळी काढली की नाक जमिनीला लावी आणि दिसेनासा होई. हाका मारून मारून माझा घसा बसायचा. तासाभराने यायचा तो जीभ बाहेर काढून, उसाच्या पात्याने कान चिरलेले.

आल्यावर ह्यांच्या हातचे दोन तडाखे ठरलेले. मीही “आता बांधूनच ठेवते, मेल्या” म्हणून साखळी अडकवायची. एके दिवशी तो फडातून बाहेर आला आणि वीस पावलांवर थबकला. ह्यांनी हाक मारली तसा मागे सरला, वळला आणि थेट रेल्वेच्या रुळांकडे पळाला. मुलगा त्याच्या मागे! गाडी नव्हती हे नशीब. त्या रात्री मला घास गिळवेना.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, “वहिनी, तो परत येतो तेव्हा त्याला काय मिळतं?” मी गप्प. मार आणि साखळी! खरे बोलणाऱ्या पोराला शिक्षा झाली की पुढच्या वेळी ते खरे बोलत नाही, हे मी शाळेत रोज बघते. घरात मात्र सुचले नाही.

कारवानी मूळचा नजरेचा शिकारी. पळणारा ससा दिसला की धावणार. पण उसात काही दिसत नाही, तिथे नाक कामाला लागते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक! त्या वासापुढे सासूबाईंनी दाखवलेल्या भाकरीच्या तुकड्याला कोण विचारतो?

सर्जाच्या लेखी त्याचे नाव म्हणजे मार, म्हणून आम्ही शिट्टी घेतली (कुकरची नव्हे!). आधी स्वयंपाकघरात: शिट्टी वाजली की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. मग अंगणात, मग रस्त्यावर, शेवटी फडाच्या कडेला तीस फुटी दोरावर. दोर गळ्याला नव्हे, छातीवरच्या पट्ट्याला बांधायचा. नाहीतर हिसका मानेला बसतो. आला की तुकडा द्यायचा आणि पुन्हा हुंगायला सोडायचे. दर वेळी घरीच नेले तर शिट्टी म्हणजे मौज संपली, हे तो चार दिवसांत शिकतो. शिवाय वास पुरता धरल्यावर शिट्टी फुंकून उपयोग नाही. शेपूट ताठ झाली, नाक एकाच जागी खिळले, की तेव्हाच वाजवायची. आणि उशिरा आला तरी रागवायचे नाही. हे ह्यांना सर्जापेक्षा जड गेले.

“ससा आणला तर बिघडलं कुठं?” असे भाऊजी म्हणतात. बिघडते! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे.

परवा दोर माझ्या हातातून निसटला. सर्जा फडाच्या तोंडाशी. शिट्टी फुंकताना माझेच ओठ कोरडे पडले होते. त्याने उसाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आला. पिशवीतली सगळी कलेजी मी त्याच्यापुढे ओतली.

दोर मात्र अजून सोडलेला नाही.