डॅकचे दोन व्होल्ट जिरवायचे कुठे?

नवा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणला, घरातल्या जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आणि व्हॉल्यूमची कळ घड्याळातल्या नऊच्या जागी जाते न जाते तोच घर दणाणायला लागलं. दहावर नेली तर शेजारी दार ठोठावतील. कळीचा उरलेला फेरा नुसता शोभेला. पुष्कळांना ही अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीची खूण वाटते आणि दुकानदारही ती तशीच खपवतात. ताकदीचा इथे काही संबंध नाही. डॅक देतो ते व्होल्टेज आणि अ‍ॅम्प्लिफायर मागतो ते व्होल्टेज यांचा मेळ बसलेला नाही, एवढंच.

हा बेमेळ जुना आहे. ट्यूनर आणि कॅसेट डेक यांच्या जमान्यात मागच्या सॉकेटमधून साधारण पाव ते अर्धा व्होल्ट बाहेर पडायचा. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची लाइन इनपुटं १५० ते ५०० मिलिव्होल्टमध्ये पूर्ण ताकद देतील अशी बांधली जात. १९८२ साली सीडी प्लेअर बाजारात आले. त्यांच्यासाठी कमाल पातळीला २ व्होल्ट हा प्रघात पडला आणि डॅकनी तोच पुढे चालवला. आज आरसीए सॉकेटवर २ ते २.५ आणि एक्सएलआरवर ४ ते ५ व्होल्ट मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांनी मात्र आपली इनपुटं फारशी बदलली नाहीत.

आता एक हिशेब सावकाश करू. अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देतो असं धरा. वॉट गुणिले ओहम म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. म्हणजे पूर्ण ताकदीला स्पीकरच्या टोकांवर २० व्होल्ट हवेत. माहितीपुस्तिकेत इनपुट सेन्सिटिव्हिटी २५० मिलिव्होल्ट लिहिली असेल, तर हा अ‍ॅम्प्लिफायर आत आलेलं व्होल्टेज ८० पट करतो. डेसिबलमध्ये हा गेन ३८. डॅक पाव व्होल्टाऐवजी २ व्होल्ट देतो, म्हणजे गरजेच्या आठपट, १८ डेसिबल जास्त.

व्हॉल्यूमची नेहमीची कळ मध्यावर, बाराच्या जागी, सुमारे २० डेसिबल कपात करते. २ व्होल्टचे ०.२ झाले, त्याचे ८० पट १६ व्होल्ट, म्हणजे ३२ वॉट. कळ अर्धीच फिरली आणि गाण्याच्या शिखरांना अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ दमला! दिवाणखान्यात रोज ऐकायला शिखरांनाही एखाद-दोन वॉट पुरतात. ८ ओहमवर १ वॉट म्हणजे २.८३ व्होल्ट, आणि तिथे थांबायचं तर ३५ डेसिबल कापावे लागतात. ती जागा कळीच्या अगदी तळाच्या पट्ट्यात येते.

तळाशी राहिलं तर बिघडतं काय? पहिली गोष्ट, या कळीखाली एकाच दांड्यावर बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर असतात, डाव्या-उजव्या बाजूंना एकेक. मध्यावर ते बऱ्यापैकी जुळलेले असतात, पण तळाशी स्वस्त भागांमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो. मग दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसायला हवी ती गायिका एका बाजूला सरकते. लोक स्पीकर हलवतात, केबल बदलतात, आणि दोष असतो कळीचा. दुसरी गोष्ट, नखभर फिरवलं की आवाज एकदम चढतो, रात्री हवी तेवढी बारीक पातळी सापडतच नाही. तिसरी काही अ‍ॅम्प्लिफायरपुरती: इनपुटाशी, कळीच्या आधीच, एखादा बफर किंवा अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारी चिप असेल, तर ४ व्होल्टांनी ती आधीच तुंबते. शिखरं छाटली जातात, आणि पुढे कळ कितीही खाली आणली तरी ती परत येत नाहीत.

म्हणजे कुठेतरी १० ते १५ डेसिबल जिरवायचे आहेत. सगळा प्रश्न ‘कुठे’ हाच आहे.

पहिला पर्याय डॅकमधल्याच डिजिटल व्हॉल्यूमचा. ‘बिट कापले जातात’ म्हणून त्याला नावं ठेवायची पद्धत आहे. १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या डॅकमध्ये गेलं की खाली आठ बिट रिकामे असतात, आणि एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. ४८ डेसिबल कपात होईपर्यंत गाण्याचा एकही बिट पडत नाही. तेव्हा ही भीती बहुतेक फुकाची. खरी अडचण वेगळी आहे: डॅकच्या अ‍ॅनालॉग भागाची स्वतःची खरखर डिजिटल कपातीने कमी होत नाही. गाणं खाली येतं, खरखर जागेवर राहते, आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही सारखंच फुगवतो.

ही अडचण प्रत्येक घरात सारखी नसते. २ व्होल्टच्या तुलनेत १२० डेसिबल खाली खरखर असलेल्या डॅकमधून २ मायक्रोव्होल्ट येतात. २६ डेसिबल, म्हणजे २० पट गेनच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरनंतर ते ४० होतील. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर ही खरखर कानाच्या क्षमतेच्याही खाली जाते. आता डॅक सुमार, १०० डेसिबलचा, आणि स्पीकर १०५ डेसिबलचा हॉर्न घ्या. हिशेब २८ डेसिबलवर येतो. रात्री बाकी सगळं शांत असताना हॉर्नजवळ ती फुसफुस स्पष्ट ऐकू येईल. म्हणून माझा कल असा: डॅक चांगला आणि स्पीकर साधा असेल तर डिजिटल कपात बिनधास्त वापरा. नाहीतर कपात डॅकच्या पुढे, अ‍ॅनालॉगमध्ये करा, म्हणजे गाण्याबरोबर डॅकची खरखरही खाली येते.

काही उत्पादकांनी हे ओळखलंय. बेंचमार्कच्या डॅकमध्ये एक्सएलआर आउटपुटासाठी आत जंपर असतात, त्यांनी १० किंवा २० डेसिबलची अ‍ॅनालॉग कपात लावता येते. आरएमईच्या एडीआय-२ डॅकमध्ये आउटपुटाची पातळी हार्डवेअरमध्येच टप्प्याटप्प्याने बदलते. अशी सोय असेल तर आधी तीच वापरा. फुकटची आहे.

सोय नसेल तर प्रत्येक बाजूला दोन रेझिस्टर पुरतात. डॅककडून येणाऱ्या मधल्या तारेत २.२ किलोओहम, आणि त्याच्या पुढच्या टोकापासून जमिनीच्या तारेला १ किलोओहम. १ भागिले ३.२, म्हणजे ०.३१, म्हणजे १० डेसिबल कपात. डॅकला ३.२ किलोओहमचा भार दिसतो, तो शंभर-दोनशे ओहम आउटपुट इम्पिडन्सच्या डॅकला जड नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट ४७ किलोओहमचं असेल तर हिशेबात जेमतेम ०.१ डेसिबलचा फरक पडतो. एक टक्का टॉलरन्सचे, पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतात. दोन्ही बाजूंचे मल्टिमीटरने मोजून जोडीने निवडा. ते केबलच्या अ‍ॅम्प्लिफायरकडच्या टोकाला बसवा, म्हणजे लांब केबलमधून सिग्नल मोठाच जातो आणि वाटेत घुसणारा गोंगाटही सिग्नलबरोबर कापला जातो. सोल्डरिंग जमत नसेल तर तयार अटेन्युएटर मिळतात. एक्सएलआरसाठी तर मी तयारच घेईन, कारण तिथे दोन्ही तारांवर कपात अगदी सारखी व्हावी लागते.

हिशेब करण्यापूर्वी डॅक खरोखर किती देतो ते मोजून घ्या, पुस्तिकेतल्या आकड्यावर जाऊ नका. डॅकची केबल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा. फोन किंवा संगणकावरून १०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा सलग सूर वाजवा. साधे मल्टिमीटर १००० हर्ट्झवर एसी व्होल्टेज चुकीचं दाखवू शकतात, म्हणून सूर खालचा घ्यायचा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून लाल टोक आरसीएच्या मधल्या पिनला आणि काळं बाहेरच्या कड्याला टेकवा. २.० ते २.१ दिसलं तर सगळं नेहमीसारखं. १.४ दिसलं तर आधी फोनचा व्हॉल्यूम किंवा एखादं इक्वलायझर मध्ये बसलंय का ते बघा. एक्सएलआरवर दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये मोजायचं.

याच मापाने एक भ्रमही उतरतो. एक्सएलआर लावल्यावर आवाज ‘खुलला’ असं सांगणाऱ्याने बहुधा २ ऐवजी ४ व्होल्ट, म्हणजे ६ डेसिबल जास्त ऐकलेले असतात. मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. दोन डॅकांची तुलनाही स्पीकरच्या टोकांवरची व्होल्टेजं तंतोतंत जुळवल्याशिवाय करू नये.

उलटा बेमेळही होतो. बेंचमार्कचा एएचबी२ हा १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. त्याच्या मागे गेनचं बटण आहे: २३, १७ आणि ९.२ डेसिबल. २३ वर २ व्होल्ट दिले की पूर्ण १०० वॉट, १७ वर त्यासाठी ४ व्होल्ट हवेत, आणि ९.२ वर ९.८. सर्वांत कमी गेनवर खरखर सर्वांत कमी, हे वाचून कुणी २ व्होल्टचा डॅक तिथे जोडला, तर ८ ओहमवर जेमतेम ४ वॉट मिळतील. अ‍ॅम्प्लिफायर शांत खरा, पण ताकद सगळी कुलपात.

शिवाय थोडा गेन शिल्लक ठेवायलाच हवा. आजच्या सिनेसंगीताची सरासरी पातळी शिखराला भिडलेली असते, पण विलंबित ख्यालाच्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणात आलाप शिखरापेक्षा २० डेसिबलने, कधी त्याहूनही खाली असतो. कपात नेमकी सिनेसंगीतावर बेतली तर आलापाच्या वेळी कळ शेवटाला जाऊनही तानपुरा पुरेसा भरत नाही. नेहमीचं गाणं दहा ते बाराच्या मध्ये वाजावं आणि आलापासाठी कळ दोनपर्यंत जावी, इतकी मोकळीक ठेवली की काम झालं.

डॅक थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडणाऱ्यांनी मात्र जपावं. २६ डेसिबल गेनचा १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर १.४ व्होल्टमध्येच पूर्ण ताकदीला पोचतो. एक्सएलआरमधून ४ व्होल्ट आले तर ९ डेसिबल जास्तीचे. संगणकाने एखाद्या अपडेटनंतर व्हॉल्यूम शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला, तर मध्ये अडवायला कळच नाही आणि ट्विटर क्षणात जळू शकतो. अशा मांडणीत आधी अ‍ॅनालॉग कपात बसवा आणि मगच डिजिटल व्हॉल्यूमवर विसंबा. चालू करताना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.