लिफ्टमधला प्रतिवादी

शेजाऱ्याशी बिनसले तर चार दिवस अबोला धरता येतो. सोसायटीविरुद्ध तक्रार केली की ती सोय उरत नाही. ज्यांच्या नावे आपण अर्ज ठोकला ते अध्यक्ष सकाळी लिफ्टमध्ये "काय काका, बरे आहे ना?" म्हणून विचारतात आणि आपल्यालाही हसावे लागते. वर गंमत अशी, की सोसायटीने दिलेल्या वकिलाची फी आपल्याच मेन्टेनन्समधून जाते!

हिंजवडीत आयटी पार्कमुळे भाडेकरू उदंड. आमच्या संकुलातला आमचा दुसरा फ्लॅटही आम्ही नोकरदार मुलांना दिला आहे. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, त्याला हरकत नाही. पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला मर्यादा घातली आहे: महापालिकेचे वा अन्य कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्के, त्याहून जास्त नाही. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. आमचे सेवाशुल्क महिना २,४०० रुपये. म्हणजे दहा टक्क्यांनी २४० झाले. बिलात मात्र २,००० लागत होते. वीस महिन्यांत ३५,२०० रुपये जादा गेले.

समितीचे उत्तर एकच, "सर्वसाधारण सभेचा ठराव आहे." ठराव होताच. भाड्याने देणारे मालक सभेला फिरकत नाहीत, राहणारे हात वर करतात. पण बहुमताने शासनाचा आदेश रद्द होत नाही. मुंबईच्या माँट ब्लँक सोसायटीने या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २००७ मध्ये न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

कोणी म्हणाले वकील करा. पस्तीस हजारांसाठी वकील केला तर हाती काय उरणार? मी उपविधींची प्रत मागवून घेतली. कोणती तक्रार कुठे न्यायची, निबंधकांकडे, सहकार न्यायालयात की पोलिसांत, हे त्यात शेवटी चक्क लिहिलेले असते. (आमच्या मजल्यावर ते पुस्तक कोणी उघडले असेल, असे वाटत नाही.) मात्र आपली संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी आहे, की १९७० च्या कायद्याखालचे अपार्टमेंट, हे आधी पाहावे. हिंजवडीत दोन्ही प्रकार आहेत आणि नियम निराळे आहेत. अपार्टमेंटमध्ये मेन्टेनन्स प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्याप्रमाणे द्यावा लागतो. पुण्यातल्याच एका संकुलाच्या वादात २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तसेच सांगितले.

आधी समितीला लेखी पत्र दिले आणि पोच घेतली. मग उपनिबंधकांकडे अर्ज केला. सोबत बिले, पावत्या, शासन आदेश आणि एका पानावर हिशेब. या काळात नेहमीचा मेन्टेनन्स एक महिनाही थांबवला नाही. थकबाकीदार ठरलो असतो तर सोसायटीनेच माझ्यावर वसुलीचा अर्ज केला असता आणि मूळ तक्रार बाजूला पडली असती.

सुनावणीला हातपाय गार पडले होते. सोसायटीच्या वकिलांनी भाडेकरू मुलांची गाणी, रात्री येणाऱ्या गाड्या, लिफ्टची झीज यांवर बराच वेळ घेतला. त्यात काही खोटे नव्हते. मुले गाणी लावतात. अधिकाऱ्यांनी शेवटी एवढेच विचारले, "सेवाशुल्क किती, आणि तुम्ही घेता किती?" मी हिशेबाचे पान पुढे केले. रात्र जागून तयार केलेले भाषण खिशातच राहिले.

सगळेच वाद असे एका पानात मावत नाहीत. मालकी हक्क, अभिहस्तांतरण, सभासदत्व काढून घेणे, अशा प्रकरणांत चांगला वकील हवाच. आकड्यांचा सरळ वाद मात्र आपला आपण मांडता येतो.

आदेश झाला, जादा रक्कम पुढच्या बिलांतून वळती होते आहे. आणखी अकरा मालकांनी माझ्याकडून अर्जाचा नमुना नेला. सौ.ला मात्र भिशीचे बोलावणे तीन महिने आले नाही. यंदाच्या ताळेबंदात 'कायदेविषयक खर्च' अशी नवी ओळ आहे. त्यातला माझा वाटा मी वेळेवर भरला.