चष्म्याचा नंबर आणि आयुष्मान कार्ड

आजचा विषय एका साध्या प्रश्नातून निघाला आहे. नागपुरात आयुष्मान कार्डावर डोळे तपासून चष्मा देणारा ऑप्टोमेट्रिस्ट कुठे मिळेल? सरळ उत्तर असं, की मिळणार नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धंच राहतं. का मिळत नाही आणि मग जायचं कुठे, हे नीट बघू.

आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही याच पद्धतीची. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्ड मिळू लागलं. म्हणजे ज्या वयात डोळे सगळ्यात जास्त त्रास देतात, त्या वयाच्या हाती कार्ड आलं. पण नंबर काढणं आणि चष्मा घेणं त्यात बसत नाही.

असं का? कारण असा विमा 'घटना' ओळखतो. पाय मोडला, ऑपरेशन झालं, ही घटना. नजर हळूहळू अधू होणं ही घटना नव्हे, ती अवस्था आहे. आपल्या भाषेनं ती अवस्था केव्हाच ओळखली. वयालाही 'चाळिशी' म्हटलं आणि चष्म्यालाही. योजनेच्या यादीत मात्र तिला जागा नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या 751 कामगारांवर एक प्रयोग झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना जवळचं दिसण्याचा चष्मा आधी दिला, काहींना नंतर. ज्यांना आधी मिळाला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता इतरांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. साध्या चष्म्यानं मजुरी वाढते. शिलाई करणाऱ्या, संत्री निवडणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या हातांचंही तेच नसेल का?

आता जायचं कुठे? गरजा तीन आहेत, त्या वेगळ्या करा.

पहिली, नंबर. मेडिकल किंवा मेयोच्या नेत्र विभागात केसपेपर काढा. तिथे तपासणीला कार्ड लागत नाही. गावाकडे ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांबद्दल विचारा. शाळेतल्या मुलांसाठी 1976 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोफत चष्म्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना विचारायला लाजू नका.

दुसरी, ऑपरेशन. इथे कार्ड उपयोगी पडू शकतं, पण रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं. तिथे आरोग्यमित्र बसतात. त्यांना तीन प्रश्न विचारा: हे रुग्णालय डोळ्यांच्या उपचारांसाठी अंगीकृत आहे का? माझं ऑपरेशन यादीत आहे का? पूर्वपरवानगी आली का? तिन्हींचं उत्तर 'हो' आल्याशिवाय दाखल होऊ नका. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि सुटीनंतरचे 15 दिवस यांतल्या तपासण्या आणि औषधंही धरलेली असतात. ऑपरेशनशी संबंधित तपासणीचे वेगळे पैसे मागितले, तर हे आठवा. शंका असल्यास 14555 वर फोन करा.

तिसरी गरज लोक विसरतात. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. चष्म्याच्या दुकानात नुसता नंबर काढून घेतला, तर डोळ्याचा दाब आणि नस तपासली गेली असं समजू नका. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल तर, नेत्रतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घ्या.

न्यायाच्या चर्चेत आपण नेहमी विचारतो, की कुणाला किती मिळालं. त्याआधी हेही विचारायला हवं, की कोणत्या गरजेला गरज म्हणून मोजलं गेलं. चष्मा अजून मोजला गेलेला नाही. तो मोजला जावा, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन मेडिकलची रांग धरली पाहिजे.