लाल वही, हिरवा पट्टा

साउदॅम्प्टन : इंग्लंडात बाळ जन्मले की आईच्या हाती लाल पुठ्ठ्याची वही येते. लसी, आजारपण, वजन, सगळ्या नोंदी तिच्यात. आणि ती सांभाळायची आईने, दवाखान्याने नव्हे. आत वाढीचा तक्ता असतो, नऊ वक्ररेषांचा. २००९ पासून त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांचा आधार आहे. वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावातली अंगणवाडी हीच मानके हिरव्या, पिवळ्या, नारिंगी पट्ट्यांत वापरते. तक्ता कळत नाही तो आई अडाणी म्हणून, ही आपल्याकडची समजूत मात्र इथे टिकत नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७९ टक्के पालकांनी असा तक्ता आधी पाहिलेला होता; तरी त्यावरच्या ठिपक्यावरून वजन सांगता आले ६४ टक्क्यांनाच. इंग्लंडातल्या शिकल्यासवरल्या आयाही मधल्या, पन्नासाव्या रेषेला उत्तीर्णतेचे गुण समजतात. म्हणून नव्या तक्त्यात ती रेषा मुद्दाम ठळक ठेवलेली नाही. खोट आईच्या शिक्षणात नाही. तक्ता दोन प्रश्नांची उत्तरे एकदम देतो : बाळ इतरांच्या मानाने कुठे आहे, आणि ते वाढते आहे का. आईला हवे असते दुसरे, कानावर पडते पहिले.

रंगांमुळे हे सोपे झाले, असे कुणी म्हणेल. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये नोंद करायला सोपे झाले, हे खरे. पण सहाव्या महिन्यात ७.८ किलोचा मुलगा वर्षाचा होईपर्यंत तसूभरही वाढला नाही, तरी तो हिरव्यातच राहतो, कारण वर्षाच्या मुलासाठी हिरव्याची खालची हद्द ७.७ किलोच्या आसपास आहे. सहा महिने वाढ ठप्प, आणि आईला निरोप काय, तर ‘बाळ हिरव्यात आहे’! नायजेरियात आईच्या हाती वजनाचे कार्ड देणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले रेषेच्या दिशेवर भर देत, तो याचसाठी.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : आपली बाळे मुळातच लहान, त्यांना परक्या मापाने का मोजायचे? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळे याच साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हा सरासरी वजन पुण्याकडे २.७ किलो आणि इथे ३.५ भरले. फरक मोठा आहे, पण तो रेषा कुठून सुरू होते एवढेच सांगतो; ती आडवी का झाली, हे नाही. शिवाय मानकांसाठी मोजलेल्या सहा देशांच्या मुलांत दक्षिण दिल्लीची मुलेही होती. मग सेविकेने रंगाआधी ‘गेल्या खेपेपेक्षा इतके ग्रॅम वाढले’ एवढे सांगायला काय हरकत आहे? त्यासाठी नवा तक्ता छापावा लागत नाही, आणि आईला रेषा वाचता येण्याचीही गरज पडत नाही.