जुन्या भिंगाची निगा

जुन्या घरांतील कपाटात किंवा ट्रंकेत पुष्कळदा आजोबांच्या वेळचा एखादा कॅमेरा सापडतो. त्याचे चामडी वेष्टन पांढुरके झालेले असते आणि भिंग धूसर दिसते. असा कॅमेरा हाती आला, की पाहणाऱ्याचा हात आपोआप रुमालाकडे जातो. परंतु वर्षानुवर्षे साठलेल्या धुळीने जे नुकसान केले नाही, ते अशा एका पुसण्याने होऊ शकते. असे का होते, हे समजण्यासाठी भिंगाची रचना ध्यानात घेतली पाहिजे.

कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे बहुधा एकच काच नसते. १९०२ साली जर्मनीतील झाइस कारखान्यात पॉल रूडॉल्फ यांनी सिद्ध केलेल्या ‘टेसार’ या प्रसिद्ध भिंगात चार काचा आहेत. त्यांपैकी दोन एकमेकींस चिकटविलेल्या असल्यामुळे हवेला लागलेले पृष्ठभाग सहा होतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून १०० पैकी सुमारे ४ भाग प्रकाश माघारी फिरतो. म्हणजे सहा पृष्ठभाग ओलांडताना २० भागांहून अधिक प्रकाश वाया जातो. हा तोटा कमी करण्यासाठी काचेवर पारदर्शक लेप चढवितात. १९३५ साली झाइसमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी त्याची रीत शोधून काढली. या लेपाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते आणि आरंभीच्या काळातील लेप तर फारच नाजूक होते. उलट धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात व ते काचेहूनही कठीण असतात. धुळीने भरलेले भिंग कोरड्या रुमालाने पुसणे म्हणजे ते वाळूने घासण्यासारखेच होय.

नागपूरसारख्या शहरात भिंगाला दोन ऋतूंशी झगडावे लागते. मे महिन्यात तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या उष्म्याने भिंगाच्या नळीतील वंगण पातळ होऊन पाझरते व प्रकाश कमीजास्त करणाऱ्या धातूच्या पाकळ्यांवर पसरते. मग त्या एकमेकींस चिकटतात. जूनच्या मध्यास पावसाळा सुरू झाला, की हवा दमट होते. बंद कपाटात, चामडी वेष्टनात ठेवलेल्या भिंगावर तेव्हा बुरशी उगवते. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरने खोली दमट होते, तेथेही हाच धोका असतो. बोटांचा तेलकट ठसा आणि धूळ हे बुरशीचे खाद्य. ती वाढताना आम्ल सोडते आणि ते आम्ल लेप व काच खाऊ लागते. अशी काच खाल्ली गेली, की बुरशी काढून टाकली तरी तिची खूण कायम राहते.

म्हणून दोष ओळखल्यावाचून उपाय करू नये. अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या मागे विजेरी तिरपी धरून पाहावे. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. तेलाचे पटल आरशावर श्वास सोडल्यासारखे दिसते. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा नेच्याच्या पानासारखी फाटे फुटलेली असते.

बाहेरील पृष्ठभाग घरी स्वच्छ करता येतो. परंतु त्याचा क्रम मोडता कामा नये. प्रथम रबरी फुंकणीने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे तुषार काचेवर बसतात. उरलेले कण मऊ कुंचल्याने हलकेच झटकावेत. यानंतरही ठसा राहिला, तरच भिंगासाठी मिळणारा मऊ कागद घेऊन त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब टाकावेत आणि मध्यापासून कडेकडे गोलाकार फिरवावे. थेंब काचेवर टाकल्यास तो कडेने आत शिरतो. हे द्रव पेट घेणारे आहे. म्हणून हे काम घरातील मोठ्या माणसासमवेत व विस्तवापासून दूर करावे.

आतील काचांचे काम अधिक जोखमीचे आहे. पांढरे कापड अंथरलेल्या तबकात भिंग ठेवून, नेमक्या मापाच्या पेचकसाने एकेक भाग सोडवावा लागतो. काढलेले भाग क्रमाने मांडावेत, प्रत्येक काचेची पुढची बाजू कोणती हे टिपून ठेवावे आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. काच उलटी बसली, तर चित्र स्पष्ट येत नाही. नवशिक्याने आधी निकामी भिंगावर हात बसवावा. चिकटविलेल्या दोन काचांमध्ये बुरशी शिरली असेल, तर ते भिंग जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

प्रत्येक डाग हा दोषच असतो, असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांना एक नवल आढळले. वयोमानाने पृष्ठभाग काळवंडलेली काही भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडीत होती! त्या काळवंडलेल्या थराने निसर्गतःच लेपाचे काम केले होते. कोणी ती ‘स्वच्छ’ करून चकचकीत केली असती, तर त्यांचा हा गुण नाहीसा झाला असता. तसेच दोन-चार धूलिकण भिंगावर असले, तरी ते छायाचित्रात उमटत नाहीत. कारण चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी प्रकाश भिंगाच्या सर्व भागांतून येतो व कण त्याचा अल्पसा अंश अडवितो.

दुरुस्तीहून जपणूक केव्हाही सोपी. भिंग चामडी वेष्टनातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. पुडीतील खडे ओलावा शोषतात. ते भरले, की तापवून कोरडे करता येतात. भिंग उन्हात उघडे ठेवू नये, कारण एकवटलेल्या किरणांनी जवळचा कागद पेटू शकतो. अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरावा. काय पुसावे हे जाणणाऱ्याने कोठे थांबावे हेही जाणले, तर आजोबांचे भिंग नातवालाही स्वच्छ चित्र दाखवील.