मुहूर्त, घाई आणि खासगी विमान

शनिवारी सकाळी दहाचा मुंजीचा मुहूर्त आणि यजमानांचे घर चारशे मैलांवर. मोटारीने सात तास लागतात. प्रवासी विमान पकडायचे म्हटले, तरी विमानतळावरची प्रतीक्षा आणि जोडउड्डाण यांत अर्धा दिवस सहज सरतो. तेच अंतर चार आसनी सेस्ना १७२ सुमारे तीन तासांत कापते आणि अनेकदा यजमानांच्या गावाजवळच्या छोट्या धावपट्टीवरच उतरते. अमेरिकेत वैमानिकाचा परवाना घेतलेल्यास हा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र कौटुंबिक समारंभासाठीचे उड्डाण हे हौसेच्या फेरफटक्यासारखे नसते. त्याला पोहोचण्याची वेळ ठरलेली असते आणि धोक्याचे मूळ नेमके तिथेच असते.

सर्वसाधारण नियमांनुसार खासगी वैमानिकाचा परवाना किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर आणि वयाच्या १७ व्या वर्षापासून मिळू शकतो. या परवान्यावर आप्तांना सोबत नेता येते, पण भाडे घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे एवढाच खर्च वाटून घेता येतो, आणि त्यातही वैमानिकाने स्वतःचा वाटा पूर्ण उचलावा लागतो. प्रवासी घेऊन जायचे, तर मागील ९० दिवसांत किमान ३ वेळा विमान उडवून उतरवलेले असावे लागते. रात्री प्रवासी न्यायचे असल्यास हा सराव रात्रीच झालेला असावा लागतो. ढगांतून किंवा अपुऱ्या दृश्यमानतेत जाण्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ ही स्वतंत्र पात्रता लागते. ती नसलेल्या वैमानिकाने बाहेरचे पाहूनच विमान चालवायचे असते.

कागदावरचे हे नियम पाळूनही काय घडू शकते, याचे सर्वांत परिचित उदाहरण १६ जुलै १९९९ चे आहे. माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) हे चुलत बहीण रोरी केनेडी हिच्या विवाहासाठी निघाले होते. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन बेसेट होत्या. लॉरेनला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून पुढे हायॅनिसला जायचे, असा बेत होता. निघण्यास उशीर झाला. न्यू जर्सीतील एसेक्स काउंटी विमानतळावरून त्यांचे पायपर साराटोगा विमान सूर्यास्तानंतर, रात्री ८ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास उडाले. तासाभराने, ९ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास ते बेटापासून काही मैलांवर समुद्रात कोसळले. तिघेही मरण पावले.

केनेडी नवशिके नव्हते. त्यांच्या गाठीशी सुमारे ३१० तासांचा अनुभव होता. मात्र या विशिष्ट विमानातील सुमारे ३६ तासांपैकी प्रशिक्षकाविना केवळ ३ तासांच्या आसपास उड्डाण झाले होते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे प्रशिक्षण अर्धवट होते. त्या दिवशी एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती, पण केनेडी यांनी एकट्यानेच जाण्याची इच्छा व्यक्त केली. हवेत धुरकट आवरण होते, तरी त्यांचे उड्डाण नियमबाह्य नव्हते. किनाऱ्यावरचे दिवे मागे टाकून विमान खुल्या समुद्रावर आले, तेव्हा क्षितिजच दिसेनासे झाले असावे. रात्रीच्या अंधारात आणि धुरकट हवेत दिशाभान हरपून विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० साली नोंदवला.

हे दिशाभान हरपणे म्हणजे भेदरणे किंवा निष्काळजीपणा नव्हे. ती शरीराची मर्यादा आहे. आतील कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव वळण्याची जाणीव करून देतो. परंतु वळण अगदी संथ असले, तर ही जाणीव होतच नाही. आणि वळण बराच वेळ टिकले, तर झालेली जाणीवही विरून जाते. मग कललेले विमान वैमानिकाला सरळच वाटते. कललेल्या अवस्थेत विमानाचे नाक खाली झुकते व वेग वाढतो. वैमानिक नाक वर खेचू पाहतो, पण पंख कललेलेच असल्याने वळण अधिकच आवळते आणि विमान गोल फिरत खाली जाते. इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या दशकात झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या बाहेरचे दिसेनासे करण्यात आले. विसांपैकी एकालाही ताबा राखता आला नाही. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी.

म्हणूनच अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या जोखीम-तपासणीत वैमानिक, विमान आणि हवामान यांच्या जोडीला ‘बाह्य दबाव’ हा चौथा घटक मुद्दाम घातलेला आहे. आपल्या समारंभांत हा दबाव कमी नसतो. मुहूर्त टळत नाही, आजी-आजोबा भारतातून आलेले असतात, मामाशिवाय विधी अडतो आणि सोमवारी कचेरी असते. मागच्या आसनावर नटूनथटून बसलेले कुटुंबीय एक शब्दही न बोलता या दबावात भर घालतात.

त्यावरचा उपाय उड्डाणाच्या आधीच योजावा लागतो. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी, दिवसाउजेडी पोहोचेल असा बेत आखावा. रद्द करता येणारे प्रवासी विमानाचे तिकीट किंवा मोटारीने निघण्याची अंतिम वेळ हाताशी ठेवावी. हवामान बिघडल्यास मोटारीने किंवा उशिरा येऊ, हे यजमानांना आधीच कळवावे. ढगांची उंची, दृश्यमानता आणि वारा यांच्या स्वतःच्या मर्यादा घरीच शांतपणे लिहून काढाव्यात आणि विमानतळावर त्यांत बदल करू नये. ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशाला द्यावा. आयुर्विम्याच्या काही करारांत खासगी उड्डाण वगळलेले असते, तेही तपासून घ्यावे.

ज्या विवाहासाठी केनेडी त्या रात्री निघाले होते, तो दुसऱ्या दिवशी झालाच नाही. तो पुढे ढकलला गेला आणि ऑगस्टमध्ये ग्रीसमध्ये पार पडला. उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासाठी पान पुन्हा मांडता येते. यजमानांनी आमंत्रण देतानाच हे एक वाक्य सांगून ठेवले, तर वैमानिकाच्या खांद्यावरचे अर्धे ओझे तिथेच उतरेल.