मागच्या बाकाला किती सेकंद?

केंद्रप्रमुख होतो तेव्हा शाळाभेटीत मी मागच्या भिंतीजवळ बसायचो. माझं लक्ष फळ्याकडं कमी आणि शिकवणाऱ्याच्या नजरेकडं जास्त असायचं. प्रश्न कुणाला जातो, उत्तरासाठी किती थांबतात, चुकलं तर पुन्हा संधी मिळते का, एवढं टिपलं की या वर्गात ‘हुशार’ कोण आणि ‘ढ’ कोण, ते गुणपत्रक न बघता कळायचं. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसणारी मुलगी अडखळली, तर बाई म्हणणार, ‘आठव की, काल केलंय आपण.’ मागच्या बाकावरचा अडखळला, तर ‘बस खाली. तू सांग गं.’ कुणाला मारलं नाही, कुणाला टोचून बोलल्या नाहीत. आणि ‘मी सगळ्यांना सारखंच वागवते’ असं त्या म्हणतात, तेव्हा खोटंही बोलत नसतात.

याच गोष्टीचा शोध अमेरिकेत घेतला गेला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ‘चाचणीवरून दिसतंय की ही मुलं यंदा झेप घेणार.’ प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली होती. तरी वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा पुढं गेली. 1968 साली हे पुस्तकरूपानं आलं आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. अपेक्षेचा परिणाम सरसकट एवढा मोठा नसतो, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पण तो असतो, हे टिकलं.

शिक्षकाच्या मनातली अपेक्षा पोरापर्यंत पोचते कशी? मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

आपल्याकडं या सेकंदांना जातीचा काटा लागतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात पुकारल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. कोडी तीच, पोरंही तशीच. फक्त आपल्याकडं कोण म्हणून बघितलं जातंय, ते त्यांना कळलं होतं.

कोल्हापूरच्या माणसाला यात शाहू महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. त्याच वर्षी जानेवारीत संस्थानची मदत घेणाऱ्या शाळांना त्यांनी जे बजावलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. अस्पृश्य मुलांना इतरांपेक्षाही जास्त आपुलकीनं वागवा, कारण बाकीची मुलं शिकायची वाट कुठूनही काढतील, यांना ती सोय नाही. सगळ्यांना समान माप देऊन न्याय होत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी इथल्या राजानं ओळखलं होतं.

आज वर्गात सगळे एकत्र बसतात, पण मागचा बाक उरलाच आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड भागातली ऊसतोड कुटुंबं आपल्या शिवारात येतात. त्यांची पोरं स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड घेऊन शाळेत येतात, आणि शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पट्टा पडला, हंगाम संपला की जाणारच आहेत.’ तिथंच अपेक्षा संपते.

शिरोळ तालुक्यातल्या एका बाईंनी यावर साधा उपाय केला होता. सगळ्यांची नावं कागदावर लिहून डब्यात टाकली. चिठ्ठी निघेल त्याला प्रश्न, आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकदा चिठ्ठी ऊसतोडीच्या पोराची निघाली. गुणाकार होता. तीन आकडे संपले, पोरगं गप्पच. बाईंनी आणखी वेळ दिला आणि विचारलं, ‘एका खेपेला गाडीत मोळ्या किती बसतात? मग चार खेपांच्या किती?’ पोरानं आकडा तोंडावर सांगितला. ‘ढ’ म्हणून नाव पडलेल्याला गुणाकार येत होता. त्याला तो फक्त पुस्तकाच्या भाषेत भेटला नव्हता.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघून गरजेप्रमाणं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. पण जादा तास बहुधा शिष्यवृत्तीच्या यादीत चमकणाऱ्यांनाच मिळतात, कारण शाळेचं नाव पेपरात त्यांच्यामुळं येतं. हे बदलायला नवा जीआर लागत नाही. पालकसभेत गुण विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात माझ्या पोराला वर्गात किती वेळा प्रश्न विचारला?’ दोन-चार पालकांनी दर महिन्याला हे विचारलं, तर चिठ्ठ्यांचा डबा बऱ्याच वर्गांत दिसायला लागेल.